आधी कडी, मग नळ

सोमवार, २२ जानेवारी

चिंगे,

काल, रविवार २१ जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या स्वतःच्या बाथरूममध्ये, माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून तुझ्या चिरंजीवांनी एका परक्या कंत्राटदाराला सांगितलं, "मावशीला आता जमत नाही."

वेळ नक्की आहे. इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागात तीस वर्षं मी वाफेच्या टाक्यांच्या वेळा नोंदवल्या. घड्याळ बघितल्याशिवाय मला रागसुद्धा येत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, आणि शेवटी काय ठरलं ते दोघींनाही आठवत नाही. म्हणून पत्र. जपून ठेव.

झालं ते असं. माझ्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला, गीझरच्या वर, दोन-तीन महिन्यांपासून काळे ठिपके आलेत. छताच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत. टॉवेल वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. आरसा सकाळी पुसला की दुपारपर्यंत पुन्हा घाम फुटल्यासारखा. हे मीच त्याला फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं, आणि तीच माझी चूक. "बघून जातो," म्हणाला, आणि माणूस घेऊन आला.

कंत्राटदारानं भिंतीवर टिचक्या मारल्या. "आतून कुजलीय. वरून गळतंय. फोडायला लागेल. अडीच महिने धरा."

मी विचारलं, "टिचकीवरून कळतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. चिरंजीवांना म्हणाला, "इथे राहून काम होणार नाही."

त्यावर ते वाक्य आलं. मी म्हटलं, "अहो, मी इथे उभी आहे." तर कंत्राटदार म्हणतो, "हो आजी, जरा बाजूला व्हा, शिडी लावायचीय." आजी! त्याचे केस माझ्याहून पांढरे.

मग चहाच्या टेबलावर चिरंजीवांनी गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक उघडलं. ज्येष्ठांसाठी निवास. बाग आहे, परिचारिका आहे, "मावशी, तुला तिथे काही म्हणजे काही करावं लागणार नाही." ज्यांना काहीच करावं लागत नाही त्यांच्यासाठी आमच्या इस्पितळात तळमजल्यावर एक थंड खोली होती, असं मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

बाबांच्या मृत्युपत्रातली ओळ तुला पाठ आहे, तरी लिहिते. "घर दोघींचं. थोरलीला जमेल तोवर तिनं तिथे राहावं. जमेनासं झालं, तर घराचं काय करायचं ते धाकटीनं ठरवावं." बाबांना वाटलं असेल, जमणं म्हणजे काय ते पोरी आपापसात बघतील. त्यांनी नातवाला बघितलं नव्हतं.

तेव्हा कळलं ना, ते वाक्य नुसतं उद्धट नव्हतं. मला या घराबाहेर काढायला तेवढं एकच वाक्य लागतं, आणि ते खरं की खोटं हे ठरवणारी तू आहेस. म्हणून तुला विचारते. तू असं काही ठरवणार नाहीस, एवढं लिहून पाठव.

ताई
(हयात, आणि शुद्धीवर)


सोमवार, २९ जानेवारी

ती. ताईस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दार लावून घेतलं, कारण तू कागदावरसुद्धा मोठ्यानं बोलतेस.

अगं, तो काळजीनं बोलला. त्याची बोलण्याची पद्धत तशी आहे, ऑफिसात हाताखाली चाळीस माणसं, घरी आला तरी तो सूर उतरत नाही. मलासुद्धा परवा म्हणाला, "आई, तुला विचारलं नाही, सांगितलं." आपण मनावर घ्यायचं नसतं. तुझी भिंत बघून आला त्या दिवशी नीट जेवला नाही. "ते काळं श्वासात जातं, आई," एवढंच म्हणत होता.

आता भिंतीचं. नुसत्या पाण्यानं पुसू नकोस, डाग पसरतात. एक भाग ब्लीच, चार भाग पाणी, जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोपऱ्यातून बाहेर घासत यायचं, पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. हातमोजे घाल. आणि त्यात चुकूनही व्हिनेगर घालू नकोस, डोळ्यांतून पाणी येतं आणि छाती आवळल्यासारखी होते. वरून रंग मारायचा तर भिंत पूर्ण वाळू दे, नाहीतर तीन आठवड्यांत डाग रंगाच्या वर येतात, आणि मग दुसरा हात मारला तरी ती जागा वेगळी दिसतेच.

त्या निवासाचं म्हणशील तर मी फोटो बघितले. खोल्या उजेडाच्या आहेत. खिडकीतून बाग दिसते. तुला वाचायला किती वेळ मिळेल! बाकीचं सगळं झालेलंच आहे, आता तुझं मन झालं की झालं. तू एकदा बघून तरी ये ना.

मी बघते त्याच्याशी बोलून. तू चिडू नकोस, रक्तदाब वाढेल.

तुझी चिंगी


शनिवार, ३ फेब्रुवारी

चिंगे,

माझा रक्तदाब एकशे तीस-ऐंशी आहे. आज सकाळी मोजला. तुझा मोज.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बाकीचं सगळं झालेलंच आहे." बाकीचं म्हणजे काय? कोणी केलं? माझ्या घराच्या बाबतीत माझ्याशिवाय "सगळं" म्हणण्यासारखं काय उरतं? याचं उत्तर पहिल्या ओळीत दे, हवापाणी नंतर.

आता माझ्याकडची हकीकत. कंत्राटदार म्हणाला वरून गळतंय, म्हणून मी मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दारात गेले. त्यांना मी याआधी जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळखत नव्हते. म्हटलं, "तुमचं पाणी माझ्या भिंतीत येतंय."

ते नाश्ता करत होते. तोंड पुसून म्हणाले, "या, बघा."

त्यांची बाथरूम, काय सांगू, दवाखान्यासारखी. फरशी कोरडी ठणठणीत. कोपऱ्यात काडी घालायला जागा नाही. तरी मी म्हटलं, "वरून कोरडं दिसणं म्हणजे आतून कोरडं असणं नव्हे. तुमच्या धंद्यात हे तुम्हाला माहीत असेल."

हसले. म्हणाले, "असं करू. मी आठ दिवस या बाथरूमचा मुख्य नळच बंद करतो. आंघोळ दवाखान्यात. तरी तुमची भिंत भिजली, तर माझी सुटका. कबूल?"

मी कबूल केलं. सभ्य माणूस आहे. पण निघताना विचारतो, "मावशी, तुम्ही बाथरूमची खिडकी कधी उघडता?" मी म्हटलं, "डॉक्टर, मी चांगल्या घरातली बाई आहे." असले प्रश्न विचारतात लोक.

दुसरं. कंत्राटदाराच्या टिचकीवर माझा विश्वास नाही, पण माझ्याही अंदाजावर मी घर पणाला लावणार नाही. आमच्या विभागात डोळ्यांनी स्वच्छ दिसलेलं काही स्वच्छ धरलं जात नसे, चाचणी हवी. म्हणून आज सकाळी स्वयंपाकघरातल्या फॉइलचे दोन मोठे चौकोन कापले. त्या भिंतीवर एक वर, एक खाली, असे चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवले. त्याआधी ती जागा केसांच्या ड्रायरनं वाळवून घेतली. आता चार दिवस हात लावायचा नाही. फॉइलच्या मागे, भिंतीच्या अंगाला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतून येते; मग कंत्राटदार खरा, आणि मी सामान बांधते. पाणी फॉइलच्या पुढच्या अंगाला दिसलं, तर ते खोलीतल्या हवेतलं. मग भिंत फोडायचं कारण नाही आणि मला हलवायचंही.

मी न्यायाला तयार आहे, बघ. तुम्ही आहात का?

आणि एक. तुझा बुरशीचा अभ्यास इतका दांडगा कधीपासून? व्हिनेगरनं छाती आवळते हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?

ताई


गुरुवार, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,

घाईत लिहिते आहे, सूनबाई पोस्टाकडे निघाली आहे.

व्हिनेगरचं मला शेजारच्या बाईनं सांगितलं. तिच्याकडे होतं तसं.

तुझी फॉइलची युक्ती छान आहे. तू लहानपणापासून हुशार. मला प्रयोगशाळेत काचेची नळी हातात दिली की घाम फुटायचा.

थंडी फार आहे इथे. गुडघा दुखतो. तुझ्या त्या "सगळं"बद्दल, अगं, बोलण्यातला शब्द तो, तू प्रत्येक शब्दाला टाचणी लावतेस. मी बघते. तू दगदग करू नकोस, शिडीवर तर अजिबात चढू नकोस.

तुझी चिंगी


गुरुवार, १५ फेब्रुवारी

चिंगे,

तीन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिलीत मी जिंकले, दुसरीत मी हरले, तिसरी तुझी आहे.

पहिली. बुधवारी, सात तारखेला, सकाळी आंघोळीनंतर वीस मिनिटांनी दोन्ही फॉइल काढल्या. पुढच्या अंगाला थेंबच थेंब, बोट लावलं की ओघळ. मागचं अंग कोरडं. इतकं कोरडं की वर्तमानपत्राचा तुकडा दाबून धरला तरी अक्षर ओलं झालं नाही. दातांचे डॉक्टर साक्षीला होते. वरचा नळ सात दिवस बंद, हा सज्जन रोज टॉवेल घेऊन दवाखान्यात जातोय, आणि माझी भिंत तेवढीच ओली. मी त्यांची लेखी माफी मागितली. "लेखी कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "आरोप मोठ्यानं केला होता."

भिंत कुजलेली नाही. कंत्राटदाराची टिचकी खोटी.

दुसरी. मग हे पाणी कुठलं? माझंच. माझ्या गरम पाण्याची वाफ थंड भिंतीवर बसते आणि तिचं पाणी होतं. हे मला, वाफेत तीस वर्षं काढलेल्या बाईला, एका दातांच्या डॉक्टरासमोर कळावं! मी बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले आणि विभागात जो विचारायचे तोच प्रश्न स्वतःला विचारला. वाफ आत आली ती इथून, ठीक. बाहेर जाते कुठून? टाकीची वाफ बाहेर न सोडता आतल्या कपड्यांचा गठ्ठा बाहेर काढला म्हणून मी एकदा एका तंत्रज्ञ बाईला सगळ्यांसमोर झापलं होतं. "ओल्या गठ्ठ्यात जंतू राहतात, कळतं का?" तिचा चेहरा आठवला.

वाफ कुठूनच जात नव्हती. खिडकी बंद होती. खिडकी कायमच बंद असते.

का, ते तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण मला लिहून बघायचंय. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या न्हाणीघरात आपण रांग करून उभ्या, हातात साबणाची डबी. दाराशी सिस्टर कडी. तिचं खरं नाव तरी कोणाला आठवतं? "आधी कडी, मग नळ!" आधी खिडकीची कडी घालायची, ओढून दाखवायची, मग नळाला हात. आणि आंघोळ झाल्यावर कडीला हात लावायचा नाही. ती उघडायची फक्त सिस्टरनं, सगळ्या मुली कपडे घालून ओळीत गेल्यावर. मला एकदा धुक्यात गुदमरायला झालं म्हणून मी बोटभर उघडली, तर आठवडाभर जेवणघरात उभं राहून जेवले. तू तेव्हा ओळीत माझ्यामागे होतीस.

चिंगे, बासष्ट वर्षं मी आंघोळीआधी कडी घालतेय, आणि ती उघडणारी बाई काही आलेली नाही.

मग आत्ताच का ओल आली, म्हणशील. जुनी लाकडी खिडकी फुगून वाकडी झाली होती, करंगळी जाईल एवढी फट होती तिला. थंडी यायची म्हणून मी त्या फटीला तीस वर्षं शिव्या दिल्या. वाफ तिथून जायची. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला चिरंजीवांनी ती काढून रबराची पट्टी असलेली सरकती खिडकी बसवली. मुंगी शिरणार नाही. त्याची भेट आणि माझी शिस्त, दोघींनी मिळून भिंत काळी केली.

तुला खरं सांगते, मला त्या रविवारपासून आत कुठेतरी वाटत होतं की जमत नसेल खरंच. टॉवेल दोनदा धुवायचे आणि वाटायचं, वास नाकातच असेल. आता तसं वाटत नाही. चूक माझी आहे, पण चूक सापडणं आणि सुधारणं यालाच तर जमणं म्हणतात! आठ दिवस खिडकी उघडी, दाराला फट नाही, फरशी आणि भिंत वायपरनं ओढून काढलेली. पहिल्या दिवशी भिंत दुपारी चारला कोरडी झाली. आज नऊ पन्नासला. वहीत रोजची नोंद आहे. बुरशी तुझ्या मापानं, एकास चार, घासून काढली. मापाबद्दल आभार.

तिसरी. सोमवारी चिरंजीवांकडून टपालानं एका कागदाची छायाप्रत आली. "सदर घराची देखभाल आता ज्येष्ठ भगिनीस जमत नसल्यानं" वगैरे. पंधरा मार्चला काम सुरू, त्याआधी घर मोकळं. खाली तुझी सही. तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

सहीची तारीख वीस जानेवारी. शनिवार.

तो माझी भिंत बघायला आला एकवीसला! आमच्याकडे एका डॉक्टरनं रोग्याला न बघता मृत्यूचा दाखला लिहिला होता. त्याला दुसऱ्या दिवशी कोट उतरवून ठेवायला लावला. तू भिंत बघितली नाहीस, मला विचारलं नाहीस, आणि मी पहिल्या पत्रात विचारलं तेव्हा मला बाग दाखवलीस. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा गुडघा दाखवलास.

मी ओरडत नाहीये. हे हळू लिहितेय. का, एवढंच सांग.

ताई


मंगळवार, २० फेब्रुवारी

ताई,

तीन कागद फाडले. आता जे येईल ते लिहिते.

शनिवार होता. जेवणं झाली होती. सूनबाई मुलांना घेऊन बाहेर गेली होती. तो टेबलाशी संत्रं सोलत बसला होता आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच आणि सही कर. मावशीचं भलं आहे." मी वाचलं. म्हटलं, "बघते." तो म्हणाला, "काय बघतेस? त्या बाथरूमचं मला फोनवर तिनंच सांगितलंय." मी म्हटलं, "तिला विचारू आधी." खरंच म्हटलं, ताई. तो चिडला नाही. संत्रं संपवलं, उठला. स्वयंपाकघरातलं बेसिन भांड्यांनी भरलेलं. म्हणाला, "थांब, हात चिकट झालेत, तुझ्या बाथरूममध्ये धुऊन येतो, मग बोलू."

आणि मी म्हटलं, "बस, बस. आण पेन. करते सही."

तो बसला. रुमालाला हात पुसले.

कारण माझी भिंत तुझ्याहून काळी आहे. प्लॅस्टिकचा पडदा लावलाय तिच्यावर, फुलांचा, सगळे म्हणतात छान आहे. तीनदा रंग मारलाय, उरलेल्या डब्यातला, सूनबाई कामाला गेल्यावर. व्हिनेगरचा प्रयोग माझाच. शेजारीण वगैरे कोणी नाही. इथेही त्यानं तसलीच खिडकी बसवली, आपल्या दोघींना एकाच महिन्यात. आणि मला रोज वाटायचं, हा पडदा एक दिवस कोणी बाजूला करेल आणि म्हणेल, आईलाही जमत नाही. त्या पुस्तकात दोघींची खोलीही होती, ताई. त्यानं ते पान माझ्यासमोर उघडं ठेवलं होतं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

तुझं घर मी एका चिकट हातापायी दिलं.

तुझं पत्र वाचलं आणि कडी आठवली. मला तर ती शिक्षा म्हणून कधी वाटलीच नव्हती, मला वाटायचं असंच असतं. उठून गेले, खिडकी ओढली. रबर चिकटलेलं, दोन्ही हातांनी ओढावी लागली. समोर शेजारच्या इमारतीचा जिना आहे. एक माणूस पिशवी घेऊन उतरत होता. मी पूर्ण कपड्यांत उभी, हातात काही नाही, तरी झटकन बंद केली आणि खाली बसले. छाती धडधडत होती. अडुसष्ट वर्षांची मी.

सही मागे घे असं तू म्हणशील. मलाही कळतं ते. पण तू तुझ्या घरात राहतेस, ताई. मी त्याच्या घरात राहते. तो वाईट नाही. पण सही मागे घेतली तर तो "का" विचारेल, आणि माझ्याकडे त्या पडद्याशिवाय उत्तर नाही.

रागावू नकोस म्हणणार नाही. रागाव.

चिंगी


सोमवार, २६ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर ते तुझ्या चिरंजीवांना लिहिलं गेलं असतं.

आधी तुझ्या भिंतीचं. पडदा काढ. आजच. पडद्यामागे हवा जात नाही, तू बुरशीला पांघरूण घालून झोपवलंयस. एकास चारनं घास, तुला माहीत आहे. पुन्हा रंग मारू नकोस. आंघोळ झाली की अंग पूस, कपडे घाल, केस विंचर, आणि मग खिडकी पूर्ण उघड. दार बंद ठेव, म्हणजे वाफ घरात न फिरता बाहेर जाईल. भिंत नि फरशी वायपरनं ओढून घे. दोन तास. आणि जिन्यातला तो माणूस दिसला तर दिसू दे. त्याला दिसेल एक बाई, कपडे घातलेली, हातात वायपर. तो काही वर्तमानपत्रात छापायला देणार नाही. पहिले चार दिवस धडधडेल. मलाही धडधडलं, ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी मी खिडकीत उभी राहून चहा प्यायले.

तुझ्या चिरंजीवांना मी दोन्ही फॉइलचे फोटो, वहीच्या पानांच्या प्रती आणि दातांच्या डॉक्टरांचं निवेदन पाठवलं. त्याचं उत्तर आलं, दोन ओळी. "मावशी, तू हुशार आहेस हे माहीत आहे. पण आईनं सही केलीय, विषय संपला." बघ, त्यालाही कळलंय की भिंत आता कारण उरलेली नाही. उरलीय फक्त तुझी सही.

तेव्हा नीट ऐक. बाबांनी ठरवायचं तुझ्या हातात दिलं, त्याच्या नाही. तू अजून काही ठरवलेलं नाहीस. तू एका माणसाला हात धुवायला जाण्यापासून थांबवलंस. त्याला ठरवणं म्हणत नाहीत.

तो "का" विचारेल, म्हणतेस. विचारू दे. त्याला बाथरूममध्ये ने, भिंत दाखव, आणि म्हण, "ही तू बसवलेल्या खिडकीनं आणि मी घातलेल्या कडीनं झाली. तुझ्या मावशीनं कारण शोधलं, मी दुरुस्त करतेय. पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन बघ." एवढं म्हणताना आवाज कापला तरी चालेल. वाक्य पूर्ण कर. मग तो जर म्हणाला की आईलाही जमत नाही, तर त्याला विचार, त्याच्या घरात बासष्ट वर्षांची चूक पंधरा दिवसांत सुधारणारं दुसरं कोण आहे?

आणि "मी त्याच्या घरात राहते" हे वाक्य खोडून टाक. तू त्याच्याकडे राहतेस, कारण तुला नातवंडं आवडतात. घर तुझं इथे आहे. मृत्युपत्रात "घर दोघींचं" हे शब्द आधी आहेत, माझं राहणं नंतर. पूर्वेची खोली मी इतकी वर्षं शिवणयंत्रासाठी वापरली, ती तुझी आहे. माझी मेहेरबानी नाही ती, बाबांची सही आहे तिच्यावर. यंत्र काल बैठकीत हलवलंय. ये किंवा येऊ नकोस, पण तिकडे भीत भीत राहू नकोस. राहायचं तर इथे आपली जागा आहे हे जाणून राहा, दुसरी जागा नाही म्हणून नको.

मी तुझ्यावर रागावले आहे. ते वेगळं ठेवते. त्याला वेळ आहे, याला नाही. पंधराला कंत्राटदार हातोडे घेऊन दारात येणार. तू काहीही केलं नाहीस तरी मी दारातून हलणार नाही, हे त्याला आणि तुला दोघांनाही सांगते. खुर्ची टाकून बसेन, आणि डॉक्टर म्हणालेत, दवाखाना बंद ठेवून तेही शेजारी बसतील. पण मग ती लढाई मी बहिणीच्या सहीविरुद्ध लढेन, आणि ती मला लढायची नाही.

म्हणून हवं ते लिहून देते. साध्या कागदावर, तुझ्या अक्षरात, टाइप केलेलं नको, कोणी सांगून लिहून घेतलेलं नको :

"माझ्या ज्येष्ठ भगिनीस घराची देखभाल जमत आहे. २० जानेवारीची माझी सही मी भिंत न बघता केली होती. ती मी मागे घेत आहे."

खाली तारीख आणि सही. एक प्रत चिरंजीवांच्या हातात, एक मला. आणि हे तुला लिहायचं नसेल, तर "लिहिणार नाही" असं तरी लिहून पाठव. फोन मी उचलणार नाही, आणि सूनबाईकडून निरोप घेणार नाही.

उत्तर लेखी हवं. सोमवार, ११ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. पोस्टाचा शिक्का त्या तारखेचा असून भागणार नाही, पत्र पाचच्या आत माझ्या हातात पाहिजे.

ताई